सांधा निवेपर्यंत

तुम्ही नेमकं काय काम करायचात, हे मिस्त्रींना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, आणि विचारलं कोणी, तर किडनीच्या डॉक्टरीणबाईंनी. एरवी "टेलिफोन खात्यात होतो" म्हटलं की लोक "अच्छा, अच्छा" म्हणून मोकळे. नातेवाईक तर जन्मभर हेच समजत आले की मिस्त्री कुठल्या तरी टेबलाशी बसून कागदांवर शिक्के मारत असणार. ही बाई मात्र पेन उघडून बसली.

"टेलिफोन खात्यात म्हणजे? हातानं काय करायचात, काका?"

झालं! मिस्त्रींची कळी खुलली. शेजारच्या खुर्चीवर त्यांची बायको होती. आता अर्धा तास गेला हे तिनं ओळखलं आणि मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

"मी सांधेवाला," मिस्त्री म्हणाले. "जमिनीखालची केबल काही अखंड नसते. तुकड्यातुकड्यानं येते. दोन तुकडे भेटतात ते रस्त्याखालच्या खड्ड्यात. याच्यात चारशे जोड्या तारा, त्याच्यात चारशे जोड्या. प्रत्येक तार कागदात गुंडाळलेली. त्या एकेक करून जुळवायच्या, पिळायच्या, वर कागदाची टोपी घालायची. सगळ्या जुळल्या की त्यावर शिशाची नळी चढवायची आणि तिची टोकं वितळलेल्या शिशानं बंद करायची. एका हातानं पळीनं ओतायचं, दुसऱ्या हातात चरबी लावलेलं फडकं, त्यानं गरम असतानाच पुसत पुसत गोल वळायचं. नोकरीत माझा एकही सांधा गळला नाही. एकही नाही! विचारा हिला."

"मला कशाला मध्ये ओढता," बायको म्हणाली. "पण नाही गळला, हे खरं आहे."

"शिसं उघड्यावर वितळवायचात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"खड्ड्यात. बाहेर वारा लागला की भांडं निवतं ना. एका कोपऱ्यात स्टो, त्याच्यावर भांडं, आणि आम्ही दोघं. मी आणि माझा मदतनीस, लांब्या."

"आणि हात कशानं धुवायचात?"

मिस्त्री हसलेच. या प्रश्नावर खड्ड्यातला कुठलाही माणूस हसला असता. "धुवायचेच नाहीत! पाण्याचा थेंब वितळलेल्या शिशात पडला तर सगळं भांडं अंगावर उडतं. आमच्या वस्तादांच्या गालावर खूण होती त्याची, पावलीएवढी. शिवाय तारांवरचा कागद. त्याला ओला हात लागला की तिकडे लोकांच्या बोलण्यात खरखर. म्हणून सकाळी खाली उतरलं की संध्याकाळी वर येईपर्यंत पाण्याला शिवायचं नाही. वस्तादांची पहिल्या दिवशीची पहिली शिकवण."

"आणि जेवण?"

"खालीच. डबा."

"त्याच हातांनी."

"मग काय जेवायला दुसरे आणायचे?"

"सिगारेट?"

इथे मिस्त्रींनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं. "सिगारेट म्हणजे कामाचाच भाग हो तो," मिस्त्री म्हणाले. "सांधा वळला की निवेपर्यंत त्याला हलवायचं नाही. जरा धक्का लागला तर आत केसाएवढी चीर जाते. वरून दिसत नाही, पण रस्त्यावर पाणी साचलं की आत उतरतं. मग थांबायचं किती? तर एक सिगारेट. सगळ्या खात्यात हेच माप. दिवसाला आठ टोकं बंद केली तर आठ सिगारेटी."

"आणि घरी?"

"घरी आपल्या... सवयीच्या."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. वयानं मिस्त्रींच्या लेकीएवढी, पण आवाज असा की समोरच्यानं सरळ बसावं. ती म्हणाली, "काका, शिसं पोटात गेलं की हाडांत जाऊन बसतं. वर्षानुवर्षं. तिथून थोडं थोडं रक्तात झिरपत राहतं, आणि रक्त गाळायचं काम किडनीचं. तुमच्या पायाचा अंगठा सुजायचा म्हणालात, तोही बहुतेक त्यातलाच प्रकार. सिगारेटीनं आतल्या बारीक नळ्या आवळल्या, रक्तदाब चढवला. आणि वर तुमच्या बोटांवरचं शिसं दर झुरक्याला तुमच्या ओठांपर्यंत आणून पोचवलं. दोघांनी मिळून केलंय हे. शंभरातल्या बारा हिश्शांएवढं काम उरलंय तुमच्या किडन्यांचं."

बारा हा आकडा त्यांना फार काही बोलला नाही. पण आपल्या वस्तादांची शिकवण या कालच्या पोरीनं अशी टेबलावर उलटी करून दाखवावी, याचा राग मात्र थेट नाकाच्या शेंड्यावर आला.

"तरी तुमचं नशीब चांगलं," ती पुढे म्हणाली. "काकूंचं रक्त जुळतंय, किडन्या ठणठणीत आहेत, आणि त्या एक द्यायला तयार आहेत. माझी अट एकच. आजपासून सहा महिने सिगारेट बंद. मी न सांगता तपासणी करणार, आणि त्यात काही लपत नाही. एक जरी ओढलीत तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. धडधाकट बाईची किडनी काढून मी धुराड्यात बसवणार नाही."

"बरोबर आहे," बायको म्हणाली, आणि पिशवी उचलून उभी राहिली.

घरी येईपर्यंत मिस्त्री धुमसत होते. "म्हणजे माझ्या कामानं मला खाल्लं, असंच ना? अख्ख्या शहराची बोलणी या हातातून गेली! बाळंतपणाचे निरोप गेले, लग्नं जुळली, भांडणं झाली. आणि ती म्हणते, हात धुवायचे होतेत."

"बरोबरच म्हणते."

"या हातांनीच तुला मिळवली."

आणि ते शब्दशः खरं होतं.

आता हे सांगायलाच हवं. त्या काळी ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये टेस्टच्या टेबलावर होती. खड्ड्यातला माणूस तारा जुळवत असला की दुसऱ्या टोकाला कुणीतरी लागतं, कुठली जोडी कुठे बोलते ते पाहायला. जुन्या केबलमधली एक जोडी त्या दोघांच्या बोलण्यासाठी राखलेली असायची. मिस्त्री कानाला फोन लावून म्हणायचे, "एकशे चार." तिकडून बारीक, ठसठशीत आवाज यायचा, "एकशे चार, ठीक." पुन्हा "एकशे पाच." "एकशे पाच, ठीक." चारशेपर्यंत हेच. महिना-दीड महिना दोघांनी एकमेकांना आकड्यांखेरीज एक शब्द सांगितला नाही. पण आकड्यांतही माणूस कळतो बरं का! दुपारी तीनच्या सुमाराला तिचा आवाज जड व्हायचा, ते मिस्त्रींना कळायचं. सोमवारी मिस्त्री चुकायचे, ते तिला.

नळी बंद झाली, सांधा वळला, की सगळ्या जोड्या पुन्हा एकदा तपासायच्या असत. पण त्याआधी सांधा निवायला हवा. म्हणजे एक सिगारेटभर तिला नुसतं थांबावं लागायचं. एवढे दिवस ती खरोखर नुसतीच थांबली. मग एकदा तिनं विचारलं, "निवला का?"

"अजून नाही."

"किती उरली?"

"काय किती?"

"सिगारेट हो. तुमच्या वस्तादांनी सांगितलंय मला, तुमचं घड्याळ कुठलं ते."

"अर्धी उरलीय."

"मग बोला की काहीतरी. मी काय इथे भिंत बघत बसू?"

सतरा नंबरचा खड्डा तो. चौकाच्या कडेचा, छपाईच्या दुकानासमोरचा, तीन माणसं उभी राहतील एवढाच. वर लोखंडी झाकण, आत चरबीचा, धुराचा आणि तापल्या शिशाचा वास, तोंडात एक गोडसर चव. लांब्या सहा फुटांच्या वर, तो बिचारा वाकून वाकून कमरेचा काटा ढिला करून घेत बसलेला. मिस्त्री बोलायला लागले की तो दोन्ही कानांत बोटं घालायचा. निदान तसं तो सांगायचा. पुढे लग्नात त्यानं सगळी बोलणी पाहुण्यांना तोंडपाठ म्हणून दाखवली, तेव्हा बोटांचं खरं काय ते कळलं.

अकरा महिने हे चाललं. मग एका सांध्यावर फडकं फिरवून झाल्यावर मिस्त्रींनी सिगारेट पेटवली, फोन कानाला लावला आणि म्हणाले, "मी तुम्हाला मागणी घालतोय. हा सांधा निवेपर्यंत उत्तर द्या."

तिकडे शुकशुकाट. सिगारेट अर्धी झाली. पाव झाली. बोटाला चटका बसला तरी तिकडून हूं नाही की चूं नाही. मिस्त्रींचा जीव टांगणीला लागलेला. लांब्यासुद्धा कानातली बोटं काढून बसला. मग तिकडून बारीक आवाज आला, "दुसरी पेटवा."

ती दुसरी संपता संपता ती "हो" म्हणाली. खात्यातल्या कुणाचं लग्न असं जमलं नसेल.

लग्नानंतर तिनं नोकरी काही वर्षं केली, मग लेक झाली, सोडली. पण जेवणानंतर मिस्त्री गॅलरीत सिगारेट पेटवायचे, आणि ती भांडी आवरून शेजारी येऊन उभी राहायची. "निवला का?" असं विचारायची. दिवसभराचं बोलणं तेवढ्यात व्हायचं. सिगारेट विझली की ती आत जायची. चाळीस वर्षं!

तेव्हा सिगारेट सोडायची म्हणजे मिस्त्रींना काय सोडायचं होतं, ते ध्यानात घ्या. त्यांनी सोडली मात्र. हट्टाला पेटले की मग मिस्त्री कुणाचं ऐकायचे नाहीत, स्वतःचंही नाही. लवंगा चघळल्या. आगकाड्यांची टोकं चावून चावून डब्याच्या डब्या संपवल्या. गळक्या नळाशी भांडले, पेपरवाल्याशी भांडले, लेकीनं फोन केला तर तिच्याशी भांडले. डॉक्टरीणबाईंनी दोनदा अचानक बोलावून तपासणी केली, दोन्ही वेळा स्वच्छ निघाली. बायको आल्यागेल्याला सांगायची, "माझा माणूस सुधारला."

फक्त गॅलरीत आता कुणी जात नव्हतं. जेवण झालं की दोघं टीव्हीसमोर बसायची आणि काय बोलावं ते सुचायचं नाही.

चौथ्या महिन्यात शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी दोघांना बोलावून सगळं समजावलं. चित्रात पाठीचा कणा दाखवला, बरगड्या दाखवल्या, आणि बायकोच्या कुशीवर हातभर अंतरावरून बोट फिरवून म्हणाले, "इथून एवढं कापणार." बायकोनं नेटानं मान डोलावली. मिस्त्रींनी मात्र तोंड फिरवलं. तिच्या अंगाला आजवर टाका लागला नव्हता. लेक झाली तीसुद्धा दाईनं हसत हसत काढली होती.

त्या दिवसापासून मिस्त्रींच्या डोक्यात एकच भुंगा. दुपारी ती कुशीवर आडवी व्हायची, नेमकी त्याच कुशीवर, आणि मिस्त्री खुर्चीत बसून बघत राहायचे. आपण खड्ड्यात बसून घाण पोटात घातली, ते ठीक. पण हिनं काय केलं? कापायची हिला? आणि काही वेडंवाकडं झालं तर? हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बायकोनं दोन मिनिटांत झाडून काढलं असतं, म्हणूनच नाही सांगितलं.

एका मंगळवारी लांब्या दारात हजर. वयानं वाकून आता तो चारचौघांएवढाच झाला होता. "चल," म्हणाला, "सतरा नंबर उघडलाय. जुनी केबल काढतायत."

"थंडगार पाणी तरी घ्या, भाऊजी," बायको म्हणाली.

"नको वहिनी. उशीर केला तर याचा सांधा भंगारात जाईल."

दोघं गेले. छपाईचं दुकान जाऊन तिथे चष्म्याचं दुकान झालं होतं, पण चौक तोच, खड्डा तोच. कडेला नव्या केबलचं रीळ होतं. तिच्यात म्हणे काचेचे धागे, केसाएवढे, आणि एकेकातून लाखो लोक बोलतात. शिसं नाही, कागद नाही, चरबी नाही. खाली कामगार उतरलेले, हातात जाड मोजे, तोंडावर मास्क, अंगात नखशिखांत पांढरा झगा. फुटपाथवर जुन्या केबलचे करवतीनं कापलेले तुकडे पडले होते. त्यात एक फुगीर, गुळगुळीत, दोन्हीकडे निमुळता.

मिस्त्री वाकले.

"काका, हात लावू नका!" एक कामगार ओरडला. "शिसं आहे ते. विषारी असतं."

लांब्याला हसूच फुटलं. मिस्त्रींना नाही फुटलं. त्यांनी खिशातला रुमाल काढला, रुमालानं तो सांधा धरून उलटा केला. खालच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, अंगठ्याच्या नखाचे तीन ठसे. गरम असताना उमटवलेले. ही मिस्त्रींची खूण. प्रत्येक सांधेवाल्याची एक असायची.

"उघडून दाखवाल का जरा?" मिस्त्रींनी विचारलं.

कामगार भला होता. त्यानं यंत्रानं नळी उभी चिरली. आत चारशे जोड्या, चारशे कागदी टोप्यांच्या रांगा, आणि कागद कोरडा ठणठणीत. वर चाळीस वर्षं गाड्या गेल्या, पाणी साचलं, रस्ता पाच वेळा खणला, आणि आत थेंब नाही! कामगारांनी मास्क खाली करून पाहिलं. एक जण म्हणाला, "हे हातानं केलंय?" लांब्याच्या डोळ्यांना धार लागली. मिस्त्री नुसते बघत होते. तो एक क्षण त्यांना असा काही सुखाचा गेला की किडनी, डॉक्टरीणबाई, सगळं विसरायला झालं.

मग ते दोघं खड्ड्याच्या कडेला, पूर्वी बसायचे तसे, पाय सोडून बसले. लांब्यानं सवयीनं पाकीट काढलं, सवयीनंच पुढे केलं, आणि जीभ चावली. "चुकलं बाबा. तुझं बंद आहे."

"आण," मिस्त्री म्हणाले.

"अरे, वहिनी माझी चामडी लोळवतील. तपासणी कधी आहे तुझी?"

"परवा. आज सकाळीच अचानक बोलावणं आलंय."

"मग?"

"म्हणून तर आण. तपासणीत सापडलो की डॉक्टरीण नाही म्हणेल. तिला कापायचं टळेल. आपण आपले आहोत तितके दिवस आहोत."

लांब्यानं पाकीट मागे घेतलं. "तू सांधे चांगले करायचास," तो म्हणाला, "पण डोक्यानं आधीपासून कच्चाच." तरी त्यानं आगकाडी ओढली. चाळीस वर्षं त्यानंच ओढली होती, हात आपसूक पुढे गेला. मिस्त्रींनी सिगारेट शेवटपर्यंत ओढली, बोटाला चटका बसेपर्यंत, आणि खड्ड्यात टाकली.

घरी दार उघडलं बायकोनं. तिनं एकदाच श्वास घेतला.

"आधी हात धुवा," ती म्हणाली.

मिस्त्रींनी हात धुतले, येऊन खुर्चीत बसले. ती समोर उभी. आता वीज कोसळणार म्हणून ते मान खाली घालून राहिले. ती म्हणाली, "का?"

"मला तुझं काही नको. तुला कापलेलं मला बघवणार नाही. झालं?"

"झालं? झालं कसं? मला विचारलंत? माझी कूस, माझी किडनी, आणि परस्पर नको म्हणणारे तुम्ही कोण? मी काय काचेची आहे? आणि तुम्ही गेलात तर मी कुणाला विचारू, निवला का म्हणून? त्या टीव्हीला?" बोलता बोलता तिचा आवाज फाटला. ती पलंगाच्या कडेवर बसली. बराच वेळ पदरानं डोळे पुसत राहिली. मग एकदम म्हणाली, "मला तुम्हाला एक सांगायचंय. मी कधी बोलले नाही. तुमचे वस्ताद निवृत्त झाले ना, त्या दिवशी आमच्या टेबलाशी आले होते. म्हणाले, मुली, सांधा अर्ध्या सिगारेटीत निवतो. उरलेली अर्धी आपली आरामाची असते. तुझा माणूस मात्र पूर्ण ओढतो आणि वर दुसरी पेटवतो. सतरा नंबरचं काम कशानं रखडतंय ते मला ठाऊक आहे."

मिस्त्रींनी मान वर केली.

"म्हणजे मला माहीत होतं," ती म्हणाली. "अर्धी उरली म्हणालात की सांधा निवलेला असायचा. मी म्हणायला हवं होतं, विझवा. नाही म्हटलं. तुमचं बोलणं तेवढंच जास्त ऐकायला मिळायचं म्हणून. घरी गॅलरीतही तेच. त्या सगळ्या अर्ध्या अर्ध्या मीच ओढायला लावल्या तुम्हाला. तुमच्या किडन्या निम्म्या मी घालवल्यात. आता एक देते म्हटलं तर तुम्ही कोण मला अडवणारे?"

मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "वेडी आहेस का गं तू? अर्ध्या सिगारेटीत निवतो हे मला ठाऊक नसणार? सांधेवाला मी की तू?"

"मग पूर्ण का ओढायचात?"

"तू का नाही सांगितलंस विझवायला?"

दोघांत आधी हसलं कोण ते सांगता येणार नाही, पण हसता हसता मिस्त्री लहान मुलासारखे रडायला लागले. भीती वाटते गं, म्हणाले. तुझीच वाटते. ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग तिनं उठून स्वतः डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि एकेक शब्द तोडून सांगितलं, "आज एक ओढलीय यांनी. दिवस पहिल्यापासून मोजा. आम्ही थांबतो."

थांबणं सोपं नव्हतं. बाराचे नऊ झाले, नवाचे सात. दोन महिन्यांनी मिस्त्रींना डायलिसिसच्या, रक्त गाळायच्या मशीनवर घ्यावं लागलं, आठवड्यातून तीनदा, चार चार तास. त्या एका सिगारेटीनं शस्त्रक्रिया लांबवली म्हणून ही पाळी आली, आणि डॉक्टरीणबाईंनी ते तोंडावर सांगितलंही. मशीनच्या खोलीत पहिल्याच दिवशी सिस्टर म्हणाली, "काका, सुई टोचायच्या आधी कोपरापर्यंत साबणानं हात धुवायचे. दर वेळी. हा इथला पहिला नियम." मिस्त्री नळाखाली हात धरून इतका वेळ उभे राहिले की मागच्या पेशंटनं आरडाओरडा केला. लांब्याला त्यांनी बकोट धरून नेलं आणि त्याचं रक्त तपासून घेतलं. शिसं त्याच्याही अंगात निघालं, पण किडन्या अजून धडपणानं चालत होत्या. पाकीट त्यानं तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि महिनाभर मिस्त्रींना शिव्या घातल्या.

आणि जेवणानंतर मिस्त्री पुन्हा गॅलरीत जायला लागले. ती स्वयंपाकघरात भांडी आवरून मोबाइल उचलायची. गॅलरीत मिस्त्रींचा फोन वाजायचा.

"हॅलो, खड्डा सतरा?"

"बोला, टेस्ट."

दोघांच्या मध्ये एक भिंत, पण बोलणं फोनवरच व्हायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तलफ येते ती पाच-सात मिनिटांची, तेवढी टळली की टळली. पाच-सात मिनिटं म्हणजे बरोबर एक सिगारेट. सहा महिने त्यांनी रोज एक अशी काढली.

शस्त्रक्रिया झाली. बायको आधी शुद्धीवर आली, आणि तिनं पहिलं काय विचारलं ते सिस्टरला कळलंच नाही. ती म्हणत होती, "गळत नाही ना?" मिस्त्रींच्या पोटात नवी किडनी टेबलावरच कामाला लागली होती. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "सुरेख बसलीय. पण अजून हलायचं नाही. आतला सांधा नवा आहे."

"कुणाला सांगताय," मिस्त्री म्हणाले. आवाज अगदी क्षीण, पण मिस्त्रींचाच.

ती वरच्या मजल्यावर, ते खालच्या. तिला अजून उठायची परवानगी नव्हती. संध्याकाळी सिस्टरनं फोन आणून मिस्त्रींच्या कानाशी धरला. तिकडे आधी नुसता श्वास. मग तोच आवाज, जरा घोगरा झालेला.

"हॅलो, खड्डा सतरा? निवला का?"

"अजून नाही."

"किती उरली?"

मिस्त्रींनी डोळे मिटले. "अर्धी."

"म्हणजे निवला," ती म्हणाली. "मला माहितीये."

"मग ठेव फोन."

"नाही ठेवत."